ठाणेदार आणि काळ्या मोटारीची शिट्टी

"उतरा! सगये खाली उतरा! नवरदेव, तुमीबी उतरा! मुंडावळ्या बांधल्या म्हून तुमाले सूट भेटन, असं समजू नोका!"

ऐन लग्नसराईची दुपार, मुहूर्त डोक्यावर आलेला, आणि वऱ्हाडाची जीप वाशीमच्या पुसद नाक्यावर एका पत्र्याच्या गॅरेजसमोर उभी. ओरडत होता गॅरेजचा मालक, ठाणेदार. त्याचा आवाज असा, की तो नुसता खाकरला तरी स्टेशनवरचे कावळे उडायचे ते थेट जऊळक्याला जाऊन बसायचे. जीपचा ड्रायव्हर हात जोडून सांगत होता, "भाऊ, इंजिनातून खळखळ येऊन राह्यली, फक्त बोनट उघडून पाहा." पण बोनटला याने बोटसुद्धा लावलं नाही. सगळं वऱ्हाड उन्हात ओळीनं उभं केलं आणि रिकामी जीप नाक्याला वळसा घालून आणली. आवाज नाही. मग एकेकाला बसवून फेरी सुरू. नवरदेव बसला, आवाज नाही. करवली बसली, आवाज नाही; तिला बांगड्या मात्र आधी उतरवून ठेवायला लावल्या. नवरदेवाचा मामा बसला, आणि जीप खळखळली.

"मामाजी, धोतर झटका."

मामानं आधी व्याह्याकडं पाहिलं, मग आभाळाकडं, आणि मग धोतर झटकलं. कमरेला उपरण्यात बांधलेले पितळेचे गडू रस्त्यावर घरंगळले. आदल्या मुक्कामाच्या घरचे. "आठवण म्हून घेतले," मामा म्हणाला. गडू तीन होते. मी लोकांना पाच सांगतो, कारण तीन गडवांना कोणी हसत नाही.

ठाणेदारानं न माखलेले हात फडक्याला पुसले आणि आपलं ठरलेलं वाक्य टाकलं, "आवाज इंजिनात नसते, मानसात असते."

त्याला सगळा नाका ठाणेदार म्हणायचा. पोलिसात तो कधीच नव्हता. उलट खाकी कपड्याचा त्याला जरा जास्तच संशय. खरं नाव मला ठाऊक नाही, आणि माझं बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान त्याच्या गॅरेजला भिंतीला भिंत लावून होतं. एकदा विचारलं तर म्हणाला, "नाव कायले पाह्यजे तुले? कोनाले सांगाचं हाये?" मी पुन्हा विचारलं नाही. त्याची एक भुवई कायम वर असायची. झोपेत दुसरीही वर जायची, कारण झोपेत माणूस जास्त बेसावध असतो.

गाडी घेऊन कोणीही येवो, पहिला प्रश्न एकच: "लायसन हाये काय?" रेडिएटरमधून वाफ निघत असो, चाक निखळून मागच्या नाल्यात गेलेलं असो, आधी लायसन. रोज नाक्यावरून जाणाऱ्या, त्याच्याच गॅरेजात पान खाणाऱ्या ट्रकवाल्यालाही तो हेच विचारायचा. ट्रकवाला चिडून म्हणायचा, "अरे, तू मले वळखत नाही काय बे?" तर हा म्हणायचा, "वळखतो म्हून तं इचारून राह्यलो."

माझ्या दुकानात चहा आला की दोन्ही कप तो आपल्याकडं ओढायचा, थोडा वेळ दोन्हींकडं बघायचा आणि ऐनवेळी माझा कप घ्यायचा. मी शेजारी असून, मित्र असून. मी विष घालीन असं नव्हे. पण मला जास्त साखरेचा मिळाला असेल, ही शंका. मनगटावर घड्याळं दोन. एक चुकलं तर दुसरं पकडून देईल म्हणून. रेल्वेगाडी स्टेशनात शिरताना तो कधीमधी फलाटावर जाऊन दोन्ही घड्याळं बघून यायचा, आणि परत आल्यावर गंभीर होऊन सांगायचा, "आज रेल्वे पुन्हा खोटं बोलली."

आता त्याची विद्या सांगतो. एक हातभर लांब पेचकस होता. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची, आणि आत कुठं काय ठोकतं ते ऐकायचं. हे सगळेच मेकॅनिक करतात. पण ते ऐकताना इंजिनाकडं बघतात, हा मालकाच्या तोंडाकडं बघायचा. मालकानं आवंढा गिळला की याचं निदान झालं. एका किराणा व्यापाऱ्याच्या गाडीतली टकटक ऐकून त्यानं पेचकस गाडीवरून उचलला आणि व्यापाऱ्याच्या छातीला लावला. "तुमी घासलेटवर गाडी चालवून राह्यले," तो म्हणाला. व्यापारी तिथंच कबूल झाला. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. घासलेटाचा वास मलाही माझ्या दुकानात येत होता, हा भाग मी सहसा सांगत नाही.

चुकायचाही, आणि चुकला की दणक्यात चुकायचा. एका मास्तरच्या स्कूटरची किरकिर ऐकून त्यानं तिचा नटबोल्ट नटबोल्ट सुटा केला, मास्तरच्या तीन पिढ्यांची चौकशी केली, आणि शेवटी किरकिर मास्तरच्या नव्या चपलेची निघाली. तेव्हाही हार मानली नाही. "मी म्हन्लोच होतो, आवाज मानसात असते."

पण सगळ्या संशयांचा बाप एकच होता: पार्ट बदलतात. तेव्हा ही भीती सगळ्यांनाच. गाडीचा मालक गॅरेजात स्टूल टाकून बसायचा, लघवीलासुद्धा उठायचा नाही. डोळा फिरला की मेकॅनिक असली पार्ट काढून भंगार बसवील. ठाणेदाराला उलटी भीती. आपण बसवलेला असली पार्ट ड्रायव्हर लोक अकोल्याला नेऊन विकतात आणि नाव आपलं खराब होतं. म्हणून त्यानं एक चाल काढली. कोणताही पार्ट बसवायच्या आधी, पाठ फिरवून, खिशातल्या तिकोनी कानशीनं त्याला एक खाच मारायची. ही त्याची सही. मालकालासुद्धा सांगायची नाही, कारण मालक ड्रायव्हरला सांगतो आणि ड्रायव्हर साऱ्या जिल्ह्याला. मला ठाऊक होतं, कारण आमच्या मधल्या पत्र्याला भोक होतं. पान्यांना खाचा, हातोडीला खाच, जेवणाच्या डब्याला खाच. त्याची बायको एकदा माझ्या बायकोपाशी बोलली, "माय, माह्या पोळपाटालेबी खाच मारली या मानसानं. पोळपाट कोन बदलन वं?"

मानोऱ्याकडच्या आबासाहेबांची काळी मोटार आली ती या सगळ्यानंतर. आबासाहेब म्हणजे मोठे शेतकरी. कापूस निघाला की त्यांच्या बैलगाड्यांची रांग संपेपर्यंत माणूस जेवून झोपून उठायचा. त्यांच्या मोटारीवर दादाराव ड्रायव्हर. छप्पनच्या दीक्षेनंतर दादारावच्या बापानं आबासाहेबांच्या दारचं वहिवाटीचं काम सोडलं होतं, मेलेलं ढोर ओढणार नाही म्हणून सांगितलं होतं. आणि त्याच दारातून पोरगा मोटार चालवत बाहेर पडायचा. हे पुष्कळांना खुपायचं. आबासाहेबांना नाही, कारण दादाराव गाडी अशी चालवायचा, की मागच्या सीटवर ठेवलेलं दुधाचं पातेलं साय न मोडता मुक्कामाला पोचे. खुपायचं ते त्यांच्या साळ्याला, बापूरावला. त्याला ते स्टिअरिंग स्वतःला हवं होतं. गाडी चालवता येत नव्हती, पण हवं होतं.

मोटारीला आदल्या हिवाळ्यात ठाणेदारानंच नवा पंखा बसवला होता, रेडिएटरमागचा. तेव्हा तिकडचा रस्ता म्हणजे दगडांचं शेत. गाडी बैलाला मागं टाकू शकत नव्हती. उन्हाळ्यात डांबर पडलं, गाडी पळायला लागली, आणि पळताच ती शिट्टी मारायला लागली. साधी नाही. लांबलचक, रडकी, वरून खाली येणारी. तांड्यावरच्या बाया लेकरं काखेत घेऊन बाहेर यायच्या, ही भोंग्याची गिरणी कुठं निघाली म्हणून. जऊळक्याच्या स्टेशनवर म्हणे एकदा सिग्नल पाडला. गायी आटल्या असंही आबासाहेबांच्या घरी म्हणत. पण त्या गायी मी पाहिल्या होत्या, त्यांना शिट्टीची गरज नव्हती.

तर आबासाहेब, बापूराव आणि दादाराव असे तिघं गॅरेजावर आले. आबासाहेबांना स्टूल दिलं. बापूरावला कोणी काही दिलं नाही, म्हणून तो उभ्यानंच सुरू झाला. "पार्ट बदलला हाये, ठाणेदार. मी दाजीले आधीच म्हन्लो होतो, चाबी आपल्या मानसाच्या हातात पाह्यजे."

'आपला माणूस' या शब्दाची हद्द कुठं संपते, ते त्या गॅरेजात उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. दादारावलाही. तो फडक्यानं मोटारीची काच पुसत राहिला.

आबासाहेबांनी थोडा विचार केला. "ठाणेदार, तू सांगशीन ते खरं. पार्ट बदलला नसन, तं ह्याची चाकरी कायम. बदलला असन, तं दादारावनं चाबी इथंच ठेवावी आन् पायी गावाकडं यावं." पायी येणं म्हणजे चालण्याचा त्रास नव्हे. सगळ्या गावासमोरून, चोर म्हणून चालत येणं. दादारावच्या बापालाही मग कोणी तरी आठवण करून दिलीच असती, की आमचं काम सोडलं होतं ना, पाहा.

ठाणेदाराची भुवई कपाळात शिरली. "लायसन?"

दादारावनं दाखवलं. ठाणेदारानं ते उलटसुलट केलं, उन्हात धरलं, वास घेतला.

"अकोल्याले कवा गेलता?"

"आबासाहेबाले घेऊन."

"एकटा?"

"मोटार एकटी जात नाही."

"मोटार राती कुठं राहते?"

"आबासाहेबाच्या अंगनात. मी माह्या घरी राहतो."

मग ठाणेदारानं पेचकस उचलला आणि त्याचं टोक दादारावच्या छातीला लावलं. मूठ कानाला. "धडधड लय हाये," तो म्हणाला.

"चाकरी जाऊन राह्यली माही," दादाराव म्हणाला. "धडधड होईन नाही तं काय गानं होईन?"

मंगरूळच्या रस्त्यानं आम्ही सगळे निघालो. मी का गेलो? कारण ठाणेदारानं मला दुकानात एकटं सोडायचं नाही असं ठरवलं होतं. त्याचं सामान भिंतीपलीकडंच होतं. दादाराव चालवत होता. ठाणेदार आधी आत बसला. गाडीनं वेग घेतला आणि शिट्टी सुरू झाली. बापूरावनं कानात बोटं घातली. मग ठाणेदारानं गाडी थांबवून बोनट काढायला लावलं, ते मागं आमच्या मांडीवर दिलं, आणि स्वतः पुढच्या मडगार्डवर पालथा पडला, पेचकस कानाला लावून. दादाराव त्याच वेगानं गेला. शिट्टी बंद. एकदम बंद. पुन्हा बोनट लावलं, हा आत आला, पुन्हा शिट्टी.

"पाह्यलं?" ठाणेदार असा ओरडला, की बाजूच्या शेतातली बुजगावणी दचकली. "पाहून राह्यलो तं गप, झाकलं की शिट्टी! ही चोराची चाल हाये! पंखा बदलला! माह्या पंख्यातून शिट्टी वाजूच शकत नाही!"

"मी काय म्हन्लो होतो!" बापूराव सीटवर उसळला. आबासाहेबांनी एक लांब श्वास सोडला. दादारावनं गाडी निंबाखाली घेतली, इंजिन बंद केलं, आणि चावी काढून मुठीत धरली. ती मूठ मला दिसत होती. तिच्यावरच्या शिरा दिसत होत्या.

ठाणेदार उतरला. बोनट उघडलं. आता खरी गंमत त्याला आणि मलाच ठाऊक होती: पंखा त्याचा असेल तर त्यावर खाच असणार. नसेल तर बदललेला. त्यानं हात आत घातला आणि पहिल्या पात्यावरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्या. मग राहिलेल्या सगळ्या.

मी त्याला इतकी वर्षं पाहत होतो. त्या दिवशी त्याची भुवई पहिल्यांदा खाली आलेली पाहिली. आबासाहेब मोठं गिऱ्हाईक, म्हणून या बाबानं एका खाचेवर भागवलं नव्हतं. प्रत्येक पात्याच्या धारेवर एकेक खोल, तिकोनी सही केली होती. त्या खाचांतून वारं कापलं जात होतं, आणि वर बोनटाचं झाकण आलं की सनईच्या भोकांसारखं गात होतं. दादारावला चोरीच्या आळातून सोडवणारी खाच तीच, आणि शिट्टी मारणारी खाचही तीच.

तो बराच वेळ वाकून राहिला. "सांगा ना, ठाणेदार," बापूराव मागून म्हणाला. "बदलला ना?" एक 'व्हय' म्हटलं असतं तर झालं असतं. नवा पंखा बसला असता, शिट्टी गेली असती, ठाणेदाराचं नाव मोठं झालं असतं, आणि एक माणूस पायी घरी गेला असता. वाकलेल्या ठाणेदारानं मान वळवली आणि माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं पाहिलं. पुढं तो जे वागला ते इमानदारीनं, की हा पत्र्याच्या भोकातून बघणारा फोडील या संशयानं, ते मला आजही सांगता येत नाही. त्याचा स्वभाव मी ओळखत होतो, म्हणून मला दाट संशय आहे.

त्यानं उन्हानं पातळ झालेलं डांबर रस्त्याच्या कडेवरून कानशीच्या टोकानं खरवडलं. एकेका खाचेत ते भरलं, अंगठ्यानं दाबलं. बोनट लावलं. "चालव," दादारावला म्हणाला. त्याच्या तोंडचं नेहमीचं उर्मट 'बे' नव्हतं.

दादाराव आधीपेक्षा जोरात गेला. काही वाजलं नाही. इंजिनाचा तेवढा आवाज, आणि खिडकीतून वारं.

"थांबव!" ठाणेदार खाली उतरला, रस्त्याच्या मध्यभागी उभा राहिला, आणि आयुष्यात कोणाला दिली नसेल अशी शिवी त्यानं आधी स्वतःला दिली. मग ओरडला, "पंखा तोच हाये! म्या बसवला तोच! खाचा म्या मारल्या! शिट्टी माही हाये! आयका रे सगये, शिट्टी माही हाये!" ऐकायला आम्ही चौघं होतो. पण त्याचा आवाज पाहता मंगरूळच्या बाजारानंही ऐकलं असावं.

आबासाहेब हसू लागले. पोट धरून हसले. बापूरावला अचानक बाजूच्या शेतातल्या पिकाची काळजी लागली आणि तो तिकडं बघत राहिला. "चाल बावा दादाराव," आबासाहेब डोळे पुसत म्हणाले, "मिटलं सगळं. चाल गावाकडं."

दादारावनं आम्हाला आधी गॅरेजावर आणलं. गाडी सावलीत लावली, स्टिअरिंग पुसलं, काचा वर केल्या, आणि चावी बोनटावर ठेवली.

"काहून रे?" आबासाहेब म्हणाले. "तुह्यावर काही निघालं नाही ना."

"पाहून घ्या, आबासाहेब," दादाराव म्हणाला. "तुमचं सगळं जागच्या जागी हाये." आणि तो स्टँडच्या रस्त्यानं पायीच निघून गेला. पण चोराच्या चालीनं नाही. मोटार त्या दिवशी गॅरेजातच राहिली. बापूरावला चालवता येत नव्हती.

ही गोष्ट फुटायला वेळ लागला नाही. मी कोणालाही सांगितली नाही, म्हणजे नाक्याच्या पलीकडच्या कोणाला. दुसऱ्या आठवड्यात लोक गाड्या घेऊन रांगेनं आले: "आमच्यात कुठं खाच मारली ते दाखव." पोरं गॅरेजावरून जाताना शिट्ट्या मारायची. ठाणेदारानं एकेकाच्या खाचा फुकट भरून दिल्या. कानस त्यानं खिशातून काढून वर फळीवर टाकली. आणि एक फरक मला जाणवला: तो गिऱ्हाइकाला लायसन विचारेनासा झाला. चहाचा कप मी देईन तो घ्यायचा, न बघता घ्यायचा. मला ते बरं वाटायचं नाही. मीच कप बदलून देऊ लागलो, त्याला जरा हुरूप यावा म्हणून.

दादाराव एस.टी.त लागला. त्याची बस नाक्यावरून जायची. ती यायची वेळ झाली की ठाणेदार हातातलं काम टाकून दारात येऊन उभा राहायचा, मान तिरकी करून. बस वळणावर दिसेनाशी झाली की आत येताना स्वतःशीच म्हणायचा, "इंजिन साफ हाये." दादारावनं खिडकीतून कधी पाहिलं नाही. किंवा पाहिलं असेल, आरशातून. आरशातून बघणाऱ्याचं काही सांगता येत नाही.

पुढं ठाणेदाराचे गुडघे गेले. मडगार्डवर पालथं पडणं सुटलं, मग वाकणं सुटलं. गॅरेज दुसऱ्याला दिलं आणि तो अकोल्याला लेकीकडं राहायला निघाला. पेचकस मला दिला. "खाच नाही त्याले," म्हणाला. मी घरी जाऊन पाहिलं. मुठीखाली होती.

स्टँडवर त्याला पोचवायला मी गेलो, ट्रंक माझ्या खांद्यावर. अकोल्याची बस लागलेली होती. स्टिअरिंगवर दादाराव. ठाणेदार ते बघून थबकला. मग मला ट्रंक टपावर चढवायला सांगून तो काठी टेकत ड्रायव्हरच्या दारापाशी गेला. मी ट्रंक खालीच ठेवली आणि मागोमाग गेलो. मला ऐकायचं होतं.

"दादाराव," तो म्हणाला. त्याचा इतका खालचा आवाज मी ऐकला नव्हता. एक कावळाही हलला नाही. "त्या दिवशी म्या तुह्या छातीले पेचकस लावला. तो माह्या छातीले लावाले पाह्यजे होता. लय दिवसाचं सांगाचं होतं. मनात ठेवू नोको, बावा."

दादारावनं इंजिन सुरू केलं. क्षणभर ते ऐकलं. मग खाली वाकून ठाणेदाराला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, एक भुवई वर करून.

"तिकीट काढलं काय?" तो म्हणाला.